प्रवासाला सोलापुरी चादर: घ्यावी, पण बघून घ्यावी

सोलापुरात राहून सोलापुरी चादरीचं परीक्षण लिहितेय म्हटल्यावर आमच्या गल्लीतले लोक हसतील. आमच्याकडं चादर विकत घेतात ती दुसऱ्याला द्यायला. लग्नात आहेर, वास्तुशांतीला आहेर, निवृत्तीच्या निरोप समारंभात नारळाबरोबर चादर. ती चेनच्या प्लास्टिक पिशवीत कपाटात पडून राहते आणि पुढच्या लग्नसराईत पिशवीसकट दुसऱ्या घरी जाते. वापरायची राहूनच जाते. मी वापरते, तेही घरात कमी आणि प्रवासात जास्त. तेव्हा हे परीक्षण प्रवासाची वस्तू म्हणूनच वाचा. पलंगावर ती कशी शोभते याच्याशी मला इथं देणंघेणं नाही.

आधी प्रवास कसला ते सांगते. मी नि माझी थोरली नणंद, दोघीच फिरतो. घरात चारचाकी नाही आणि विमानानं जावं इतकी घाई कशाचीच नाही. जवळ असेल तर एसटी, लांब असेल तर रेल्वेचा स्लीपर. वन्संची पंच्याहत्तरी उलटलीय, त्यामुळं एसटीत त्यांना तिकीट माफ, ती सवलत ऑगस्ट २०२२ पासूनची. मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट झालं, त्यात मी बसते. म्हणजे दोघींत मिळून अर्धं तिकीट. अक्कलकोट, तुळजापूर, नळदुर्ग एसटीनं. गाणगापूरला रेल्वेनं गाणगापूर रोडपर्यंत आणि पुढं मिळेल त्या गाडीनं. मुक्काम भक्तनिवासात नाहीतर धर्मशाळेत. टॅक्सी, एसी खोली, पाण्याच्या बाटल्यांचा खोका हे आमच्या पेन्शनच्या हिशोबातच बसत नाही. ते वगळलं की पर्यावरणाचं जे काय भलं व्हायचं ते वेगळे कष्ट न घेता होतं.

अडचण एकच. असं फिरायचं तर अंथरूण-पांघरूण आपलं आपण न्यावं लागतं. धर्मशाळेत गादी मिळते, तिच्यावरच्या कापडाकडं मात्र बघवत नाही. स्लीपरच्या डब्यात रेल्वे काही देत नाही. एसीत देते, धुतलेल्या पांढऱ्या चादरी आणि कांबळं. ही कांबळी महिन्यातून किमान एकदा धुतली जातात असं रेल्वेमंत्र्यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये लोकसभेत सांगितलं. ती बातमी मी मोठ्यानं वाचून दाखवली तेव्हा वन्सं म्हणाल्या, "बघ वहिनी, आपलं गाठोडंच बरं."

आता खरेदी. दुकान चाटी गल्लीतलं. नाव सांगत नाही, कारण त्या गल्लीत नि नव्या पेठेत अशी दुकानं ओळीनं आहेत आणि माल पारखता आला तर कुठंही चांगला मिळतो. दुकानात पाय ठेवला की पहिला प्रश्न ठरलेला: "काय बघलालाव अक्का? आहेर का घरी?" तुमच्या उत्तरावर पुढचा माल ठरतो. आहेर म्हणालात की चकचकीत, फुगीर, पिशवीतली चादर पुढ्यात येते. घरी म्हणालात की पोऱ्या माळ्यावर चढतो आणि दोरीनं बांधलेला गठ्ठा खाली टाकतो. मी "प्रवासाला" म्हटलं तर मालक जरा थांबला. मग म्हणाला, "प्रवासाला आता कोण नेतंय अक्का? पूर्वी वारकरी न्यायचे." नेतात की अजून. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी आषाढीला जाताना सोलापुरातून जाते, तेव्हा मागं चालणाऱ्यांच्या खांद्यावर बघा काय असतं ते. पण दुकानदाराशी वाद घालायला मी गेले नव्हते.

चादर पसरून आधी दोन्ही बाजू बघायच्या. जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, विणलेल्या चादरीला उलटी बाजू नसते. माझीला एका अंगाला मरून पोतावर पांढरा मोर आहे, दुसऱ्या अंगाला पांढऱ्या पोतावर मरून मोर. नक्षी छापलेली असेल तर पाठीमागं फिकट डाग उमटलेले दिसतात, तशी चादर ठेवून द्यायची. मग तोलायची. एकाच मापाच्या दोन चादरी हातात धरल्या तर फरक लगेच कळतो, आणि चांगल्या दुकानात काटा असतोच. मी घेतलेली एकेरी, साठ बाय नव्वद इंची, सव्वा किलो भरली.

तिसरी परीक्षा काडीची. चादरीच्या कडेचा एक दोरा लांबीतला आणि एक रुंदीतला काढायचा, म्हणजे ताण्याचा एक नि बाण्याचा एक. एकच काढून भागत नाही. मिश्र मालात एका दिशेला सूत नि दुसऱ्या दिशेला पॉलिस्टर घालतात, आणि विकणारा बरोबर सुताचाच दोरा काढून दाखवतो. इथं मालकानं स्वतः दोन्ही दोरे काढले, दुकानाच्या पायरीवर येऊन लायटरनं पेटवले. दोन्ही भुरुभुरु जळाले, जळक्या कागदाचा वास आला आणि बोटात चोळल्यावर राखाडी पूड झाली. मग मी विचारलं नसताना आहेराच्या गठ्ठ्यातल्या चादरीचा दोरा पेटवला. तो जळण्याऐवजी आक्रसला, टोकाला काळा कडक मणी झाला आणि प्लास्टिकचा वास सुटला. "आहेराला कोण काडी लावून बघतंय?" हे त्याचं म्हणणं. माणूस खरं बोलला म्हणून माझा विश्वास बसला.

सोलापुरी चादर आणि सोलापुरी टर्किश टॉवेल, दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. ते नाव इथं विणलेल्या मालाचं. तरी हायवेच्या कडेला 'अस्सल सोलापुरी' म्हणून दोरीवर टांगलेल्या चादरींतल्या कितीतरींनी सोलापूर बघितलेलं नसतं. गावातल्या मागावाल्यांचं जुनं दुखणं आहे हे. पूर्व भागात पद्मशाली विणकरांची घरंच्या घरं या धंद्यावर उभी राहिली, आणि बाहेरचा हलका माल त्यांच्याच गावाच्या नावानं विकला जातो. तेव्हा पावती मागा आणि दुकान गावातलं बघा.

आता रात्रीची परीक्षा. सिद्धेश्वर एक्स्प्रेस सोलापुरातून रात्री साडेदहाच्या सुमारास निघते, सकाळी मुंबईला. बर्थ साधारण सहा फूट लांब, दोन फूट रुंद. चादर पाच फूट बाय साडेसात फूट. लांबीत मधोमध दुमडायची, म्हणजे अडीच फुटी दुपदर होतो. दुमड भिंतीकडं, उघडी बाजू वाटेकडं. खालच्या पदरावर झोपायचं, वरचा पदर अंगावर. झोपेत सरकत नाही, कारण खालचा पदर तुमच्याच वजनाखाली असतो. डोक्याकडं दीड फूट उरते, ती गुंडाळली की उशी. त्या गुंडाळीत मोबाइल आणि पैशाचं पाकीट घालून झोपलं तर रात्री कुणी ओढलं तरी आधी तुमची मान हलेल. साठ बाय नव्वदचं माप जणू बर्थ बघूनच काढलंय.

ऊब किती, तर कुर्डुवाडी-दौंडपर्यंत वरचा पदर नकोसा होतो. घाट उतरताना, डिसेंबरात, खिडकी नीट बसत नसेल तर स्वेटर लागतोच. सुती आहे ती, घोंगडी नव्हे. हिमालयाकडं निघालेल्यांनी हिच्या भरवशावर राहू नये. पण आपल्या दख्खनच्या हवेत आठ महिने ही पुरते. घाम शोषते, चिकटत नाही, आणि उन्हाळ्यात स्लीपरच्या रेक्झिनवर उघड्या पाठीनं झोपण्याची शिक्षा टळते.

स्लीपरच्या जुन्या निळ्या डब्यात ७२ माणसं झोपतात, नव्या लाल डब्यात ८०. एवढी माणसं मोटारींनी मुंबईला न्यायची तर किती गाड्या लागतील याचा हिशोब ज्याचा त्यानं करावा. मला तर दारातून टॅक्सी करून, तिच्यात एसी लावून, वर आणि बांबूचा टूथब्रश जवळ बाळगणाऱ्यांचं नवल वाटतं.

माझा भाचा त्यातलाच एक. पुण्याला असतो, पोरगा गुणी आहे. त्यानं 'पर्यावरणपूरक प्रवास किट' म्हणून एक संच मागवला. त्यात घडीचा पेला, स्टीलची नळी, नळी धुवायचा ब्रश, बांबूचे चमचे आणि मायक्रोफायबरचा टॉवेल. प्रत्येक वस्तू वेगळ्या वेष्टनात. स्टीलची नळी कशाला हे मला अजून उमगलेलं नाही, उसाचा रस ग्लासानं पितात. पण टॉवेलची गोष्ट वेगळी. "मावशी, हातात धरून बघ. तुझ्या चादरीचा दहावा हिस्सासुद्धा नाही." खरं होतं. मुठीत मावतो, पिळला की अर्ध्या तासात कोरडा. वजनात नि वाळण्यात त्याच्यापुढं सोलापुरी माल हरतो, हे कबूल करायला मला जड जात नाही. मात्र तो पॉलिस्टर आहे. दर धुण्याला त्याचे डोळ्याला न दिसणारे प्लास्टिकचे तंतू सुटतात आणि मोरीतून नाल्यात, नाल्यातून नदीत जातात. सुताचेही तंतू सुटतात, पण ते कुजतात. शिवाय अंग पुसताना तो कातडीला खरचटल्यासारखा लागतो. वन्संनी एकदाच वापरला आणि भाच्याला सन्मानानं परत केला.

म्हणून सोलापुरी टर्किश टॉवेल घ्या म्हणणार का मी? प्रवासाला नाही. घरात उत्तम, प्रवासात पाचपैकी दोन गुण. एक तर जड. दुसरं, नवा टॉवेल पहिल्या काही धुण्यांपर्यंत पाणी टिपतच नाही, अंगावरून नुसतं फिरवतो. आणि तिसरी गोष्ट बायकांनाच कळेल: पाय पुसताना त्याच्या फाश्यांत जोडवं अडकतं, दोरा लांबच्या लांब ओढला जातो आणि टॉवेलला टक्कल पडतं. पिशवीची चेनसुद्धा तेच करते. प्रवासाला साधा सुती पंचा न्यावा. धुवा, पिळा, खिडकीच्या गजाला बांधा, स्टेशन येईपर्यंत वाळतो. उन्हात डोक्याला, धुळीत तोंडाला, बाजारात भाजीला तोच. किंमत विचाराल तर किटमधल्या नळीपेक्षा कमी असेल.

चादर वाळण्याचं काय? आमच्या जुळे सोलापुरात एप्रिलमध्ये सकाळी गच्चीवर टाकली तर जेवायच्या आत वाळते. कोकणात हेच गणित उलटं होतं. गणपतीपुळ्याला आम्ही श्रावणात गेलो. समुद्राची हवा, वर झड, खोलीत पंखा सोडून काही नाही. पहिल्या रात्री चादर दमट, दुसऱ्या रात्री ओलसर, तिसऱ्या दिवशी कुबट. ओली चादर सव्वा किलोची राहत नाही, परतीच्या एसटीत ती पिशवी मांडीवर घेतली तेव्हा ते कळलं. पावसाळ्यात घाटाखाली जायचं असेल तर ही घरी ठेवा. जुनी सुती साडी दुपदरी शिवून घेतली तर वजन निम्म्याहून कमी होतं आणि रात्रभर पंख्याखाली वाळते. नऊवारी असेल तर फारच छान, पण नऊवारी आता कुणाच्या घरात उरलीत?

सुती म्हणजे पुण्य, असंही कुणी समजू नये. जगाच्या सरासरीनं एक किलो सुती कापडामागं सुमारे १०,००० लिटर पाणी खर्ची पडतं, मुख्यतः कापसाच्या शेतात. सव्वा किलोची चादर म्हणजे बारा हजार लिटरच्या वर. ज्या गावात नळाला रोज पाणी येत नाही त्या गावातली मी, मला हा आकडा टोचतो. त्यात रंगाचं पाणी वेगळं आणि यंत्रमागाची वीज वेगळी. त्यामुळं दर सहलीला नवी चादर घेणारा माणूस आणि दर सहलीला नवा किट मागवणारा माणूस, दोघं माझ्या लेखी सारखेच. चादरीचा फायदा इतकाच की ती लवकर मरत नाही. विरली की मधोमध फाडून कडा आत शिवतात, मग आणखी वापरतात, मग गोधडीच्या पोटात जाते, शेवटी फडकी होतात. पॉलिस्टरची फाटलेली चादर पोतेऱ्यालासुद्धा चालत नाही, पाणी उचलत नाही ती.

धुण्याबद्दल आणखी एक. दर मुक्कामाला धुवायची नाही. उन्हात दोन्ही अंगांनी तापवायची, झटकायची, घडी घालायची. धुवायची घरी आल्यावर, तीही पंचा-साड्या खळबळून उरलेल्या पाण्यात आधी भिजवून. पहिल्या धुण्याला रंग जातो, म्हणून पहिल्या वेळी वेगळी. मरून माझी दोन धुण्यांपर्यंत गुलाबी पाणी सोडत होती, नंतर थांबली. मऊ करणारं औषध घालू नका, त्यानं सुताची पाणी शोषायची ताकद जाते.

एक उपयोग मात्र दुकानदारालाही माहीत नव्हता. कडक भाकरी. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते: ज्वारीची नाहीतर बाजरीची भाकरी पापडासारखी पातळ थापून, भाजून, पार पाणी जाईस्तोवर कडक करतात. कित्येक दिवस टिकते, फ्रीज नको, गरम करणं नको. जोडीला शेंगा चटणी: भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ, जिरं, तेल सुटेपर्यंत उखळात कुटलेलं. प्रवासाचा याहून चांगला शिधा मला माहीत नाही. पण कडक भाकरी पिशवीत टिकत नाही, एसटीच्या दोन खड्ड्यांत तिचा चुरा होतो. म्हणून चादरीची चौकोनी घडी घालून मधल्या पदरात कागदात बांधलेल्या भाकरी आडव्या ठेवायच्या. चादर खालून-वरून धक्का खाते, भाकरी अख्खी पोचते. भाकरी करणाऱ्या बाईंकडं आम्ही आमचं फडकं नि स्टीलचा डबा घेऊन जातो. प्लास्टिकच्या पाकिटात नको म्हटलं की त्या दोन भाकरी जास्त घालतात, पाकिटाचे पैसे वाचतात ना त्यांचे.

हत्तरसंग कुडलला असंच गेलो होतो. मंद्रूपपर्यंत एसटी, पुढं मिळेल ते वाहन. भीमा आणि सीनेचा संगम, काठावर जुनं देऊळ आणि शके ९४०, म्हणजे १०१८ सालचा मराठी शिलालेख. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. आजूबाजूला हॉटेल नाही, टपरीची खात्री नाही. देवळाच्या सावलीत चादर पसरली, भाकरी काढल्या, घरचं पाणी प्यायलो, वन्संनी तासभर ताणून दिली. उठताना चादर झटकली आणि निघालो. मागं टाकायला काही नव्हतंच. हिवाळ्यात नान्नजच्या माळरानावरही तीच नेतो. माळढोक पक्षी दिसण्याचे दिवस आता गेल्यात जमा आहेत, पण काळवीट दिसतात, आणि माळावर बसायला एवढं जाड कापड लागतंच, नाहीतर कुसळं थेट आरपार येतात. त्याबद्दल एक सूचना: कुसळं चादरीत घुसली तर झटकून निघत नाहीत, घरी येऊन एकेक वेचावी लागतात. वन्सं ते काम टीव्हीपुढं बसून करतात.

वजनाची तक्रार उरतेच. सव्वा किलो म्हणजे खांद्याला जाणवणारं ओझं आहे आणि साठीनंतर जास्त जाणवतं. मी ते असं भागवते की चादर घेतली की शाल, उशी, बसायचं आसन आणि जादा पिशवी यांतलं काही घेत नाही. सगळ्या कामाला ही एकच. गाठोडं बांधायलाही हीच, चार टोकं आणि दोन गाठी. बार्शी लाइटच्या अडीच फुटी रुळांवरच्या गाडीनं आई पंढरपूरला जायची तेव्हा तिच्याजवळ बॅग नव्हतीच, होतं ते एवढंच.

भाव: चांगली सुती एकेरी चादर सहाशेच्या आतबाहेर पडली, थोडी घासाघीस करून. प्लास्टिकची चेनवाली पिशवी दुकानातच परत दिली, मालकानं ती खुशीनं ठेवून घेतली, आहेराच्या कामाला. दुकानदार डबलबेडची गळ्यात मारायला बघतो, "दोघी आहात तर एकच मोठी न्या" म्हणून. घेऊ नका. ती बर्थवर दुमडत नाही, बादलीत मावत नाही, आणि रात्री दोघींपैकी एकीच्याच अंगावर असते. रंग मरून, गडद निळा किंवा बाटलीहिरवा घ्या. पिवळी-पांढरी सुंदर दिसते, पण दौंडला चहावाला चढतो तेव्हा गाडी हलत असते.